सगळ्या चर्चेसनी मिळून सरकारशी बोलायचं, पण कोणासाठी?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. विषय जरा मोठा आहे, पण इथे वेगवेगळ्या चर्चेसमधले आणि चर्चच्या बाहेरचेही लोक असतात म्हणून इथेच टाकतेय.

बाहेरून बघणाऱ्याला ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच वाटतात. आत बघितलं तर कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, सॅल्व्हेशन आर्मी, मार्थोमा, पेंटेकॉस्टल, यादी संपत नाही. उपासना वेगळी, पाळक नेमायची रीत वेगळी, बाप्तिस्मा कधी आणि कसा यावर तर अजून वाद चालूच आहेत. पण कायदा लागू होतो तेव्हा तो हे काही विचारत नाही, सगळ्यांना एकत्रच लागतो. त्यामुळे सरकारपुढे जाताना तरी एकत्र जावं हे जुन्या लोकांना चांगलं कळलेलं होतं. १९४५ मध्ये, राज्यघटना व्हायच्याही आधी, कॅथलिकांची आणि प्रॉटेस्टंटांची प्रातिनिधिक मंडळं एकत्र बसली आणि ठराव केला की धर्म मानण्याचं, आचरण्याचं, प्रसाराचं स्वातंत्र्य घटनेत असावं आणि धर्म बदलला म्हणून कोणाचे नागरी हक्क कमी होऊ नयेत. पहिली मागणी कलम २५ मध्ये आली. दुसरीचं काय झालं ते १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने दाखवून दिलं, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू सोडून इतर धर्म मानणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असं आलं. म्हणजे महार, मांग, चांभार कुटुंब ख्रिस्ती झालं की कागदावर त्याची जात गेली, गावात मात्र होती तिथेच राहिली.

माझं मत सांगते. चर्चेसनी एकत्र येऊन धोरणांवर बोललंच पाहिजे, पण आज बहुतेक वेळा आपण एकत्र येतो ते आपल्या शाळा, आपल्या जमिनी, आपला निधी यावर काही आलं की. हे प्रश्न खोटे नाहीत. पण ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्यापासून सुरुवात झाली पाहिजे, मग तो आपल्या मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, सभासद असो नसो.

तर प्रश्न असा की तुमच्या पाहण्यात असं एकत्र काम झालंय का? त्यातून खरंच काही बदललं का? आणि बारगळलं असेल तर कशामुळे?

नगरी_बाणा

चांगला विषय. आमच्याकडे दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एक निवेदन द्यायचं ठरलं होतं. खाली सह्या करताना कोणाच्या मंडळीचं नाव वर यावं यावर अख्खी बैठक गेली आणि निवेदन काही गेलं नाही. सांगायचं काय, की शिकवणीतले फरक आड येत नाहीत हो, मान आड येतो.

उगाच_एक

वर्णानुक्रमे लावायची ना नावं 😀

नगरी_बाणा

मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नावाआधी 'अखिल' लागलं असतं 😀

देवदार

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मंडळीचं काम सुवार्ता (येशूचा संदेश सांगणं), उपासना आणि गरजवंताची सेवा. कायदे करणं निवडून दिलेल्यांचं काम. सभासद नागरिक म्हणून मत देतो, मोर्चाला जातो, खुशाल जावं, पण पाळकाने वेदीवरून धोरण सांगायला लागलं की मंडळीत दोन पक्ष पडतात आणि मग पवित्र सहभागितेला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) शेजारी बसायलाही लोक कचरतात. शिवाय सत्तेच्या जवळ गेलेल्या चर्चचं काय होतं हे रवांडात दिसलं. तिथल्या चर्चेसचे वरिष्ठ सरकारच्या इतके जवळ होते की १९९४ मध्ये नरसंहार सुरू झाल्यावर त्यांच्या तोंडून ठाम विरोध निघाला नाही, आणि आसऱ्याला चर्चमध्ये आलेली माणसं चर्चमध्येच मारली गेली. म्हणून मी म्हणतो लांब राहा.

शब्दवेल्हाळ

देवदार, रवांडाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, पण मला ते उलट्या बाजूने दिसतं. तिथे चर्च सत्तेच्या जवळ होतं आणि अन्यायाबद्दल गप्प होतं. आपण इथे बोलतोय ते सत्तेपासून अंतर राखून अन्यायाबद्दल बोलण्याविषयी. या दोन्हीला 'राजकारण' म्हटलं की गल्लत होते.

दक्षिण आफ्रिका बघा. तिथे डच रिफॉर्म्ड चर्च वर्णभेदाला बायबलचा आधार देत होतं. दुसऱ्या बाजूला चर्चेसची संयुक्त परिषद होती, तिने १९६८ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की माणसांना रंगावरून वेगळं ठेवणं सुवार्तेच्या विरुद्ध आहे. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन असे सगळे, पुढे डेस्मंड टुटू त्याच परिषदेचे सरचिटणीस झाले. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाला पाखंड ठरवलं आणि त्या डच रिफॉर्म्ड चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. १९८८ मध्ये परिषदेच्या जोहान्सबर्गच्या कार्यालयात, खोत्सो हाऊसमध्ये, बाँब फुटला आणि तो सरकारच्याच पोलिसांनी ठेवला होता हे नंतर सत्यशोधन आयोगापुढे बाहेर आलं. नुसती उपासना करणाऱ्यांच्या इमारतीत कोणी बाँब ठेवत नाही. त्यांच्या बोलण्याने सरकारला काही तरी होत होतं म्हणूनच ठेवला ना.

वकीलकाका

मूळ प्रश्न होता 'खरंच काही बदललं का'. हो, बदललं, आणि आपल्याच देशात. जरा सविस्तर लिहितो कारण आताच्या मुलांना हे माहीतच नसतं.

ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरेसा नव्हता, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षं सोडून जाणं असं काही तरी सिद्ध करावं लागायचं. नुसता मारतो म्हणून घटस्फोट नाही, फार तर न्यायिक विभक्तता, म्हणजे वेगळं राहायचं पण लग्न कायम. परस्पर संमतीने घटस्फोट हा प्रकारच नव्हता. जिल्हा न्यायालयाने हुकूमनामा दिला तरी तो उच्च न्यायालयाकडून कायम करून घ्यावा लागायचा, त्यात वर्षं जायची. पोटगीला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा. इंग्लंडने आपला कायदा केव्हाच बदलला, आपल्याकडे त्यांनी ठेवून दिलेला तसाच.

विधी आयोगाने १९६० पासून बदल सुचवले, १९६२ चं विधेयक बारगळलं. दर वेळी सरकारचं एकच उत्तर, समाजाकडून एकमत येऊ द्या, आम्हाला अल्पसंख्याकांच्या व्यक्तिगत कायद्यात हात घालायचा नाही. आणि एकमत नव्हतंच, कारण कॅथलिक चर्च विवाहाला संस्कार मानतं, घटस्फोट मान्यच करत नाही, आणि प्रॉटेस्टंट चर्चेसची भूमिका वेगळी. मग ख्रिस्ती महिला संघटना, कॅथलिक बिशपांची परिषद आणि एनसीसीआय (प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची राष्ट्रीय परिषद) यांच्यात मसुद्यांवर बरीच वर्षं चर्चा झाली. तोडगा असा निघाला की चर्चने आपल्या सभासदांना काय शिकवायचं ते चर्चने ठरवावं, पण देशाच्या कायद्याने बाईला दुय्यम ठेवू नये. याच काळात १९९५ मध्ये केरळ आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या कलमातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. क्रूरपणा हे दोघांसाठी स्वतंत्र कारण झालं, परस्पर संमती आली, एक पंचमांशाची मर्यादा गेली, उच्च न्यायालयाची अट गेली.

माझ्या मते चर्चेसच्या एकत्र कामाचा आपल्याकडचा हा सगळ्यात महत्त्वाचा नमुना आहे, आणि त्यात चर्चला स्वतःसाठी काही मिळणार नव्हतं.

जिजी

वकीलकाका, तुम्ही लिहिलंय ते माझ्या मावशीने भोगलंय. मार खायची. नवरा व्यभिचारी नव्हता, म्हणून कायद्याच्या लेखी तिच्याकडे घटस्फोटाचं कारणच नव्हतं. पाळकसाहेब घरी यायचे, दोघांना बसवून प्रार्थना करायचे, चांगले होते बिचारे, पण त्यांच्याकडे द्यायला तेवढंच होतं. वकिलाने तर तिला सांगितलं की दुसऱ्या राज्यात जाऊन धर्म बदल आणि मग बघू. कायद्याने न्याय मिळत नाही म्हणून विश्वास सोड, असा सल्ला बाईला मिळत होता, हे लिहिताना आजही माझा जीव जळतो.

आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांचं मला फार कौतुक आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो तेव्हा कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट अशा सगळ्यांच्या बायका एकत्र यायच्या, तिथल्या ओळखी. बिशप लोकांच्या बैठका खूप नंतरच्या, बायका आधीच एकमेकींना आपापल्या घरातलं सांगत होत्या आणि प्रत्येकीला कळत होतं की आपल्या चर्चमधलंच नाहीये हे, सगळीकडे आहे. सह्या गोळा करायलाही त्याच फिरल्या. त्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत.

देवदार

जिजी, वाचून वाईट वाटलं. या बाबतीत चर्चने बोलायलाच हवं होतं, यावर माझं दुमत नाही, तो कायदा आपल्याच लोकांना लागू होता. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. पाणी, जमीन, परदेशी कर्ज, अर्थसंकल्प, या प्रत्येक गोष्टीवर चर्चने पत्रक काढायचं का? त्यातलं ज्ञान पाळकाला कुठून असणार?

वसईचा_वारा

देवदारसाहेब, आमच्याकडचं सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत बिल्डर आणि टँकरवाले यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली, बागायत सुकायला लागली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि बाकीच्यांनी मिळून हरित वसई संरक्षण समिती काढली. पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच दिब्रिटो. त्या आंदोलनात कॅथलिक होते, वाडवळ, भंडारी, आगरी, सगळे होते. पाण्याचं शास्त्र फादरना सेमिनरीत शिकवलं नव्हतं, ते त्यांनी शेतकऱ्याकडून आणि जाणकारांकडून समजून घेतलं. जाणकार चर्चमध्ये नसला तर बाहेरून बोलवायचा. विहीर आटते ती कॅथलिकाची वेगळी आणि हिंदूची वेगळी आटत नाही ना.

कर्जाचं म्हणाल तर १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बड्या राष्ट्रांची बैठक होती, तेव्हा गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून सुमारे ७० हजार लोकांनी शहरात मानवी साखळी केली होती. त्यात चर्चेसचा मोठा वाटा. कल्पना बायबलमधल्या योबेल वर्षाची, पन्नासाव्या वर्षी विकावी लागलेली जमीन परत मिळायची आणि गुलाम झालेली माणसं सुटायची. त्यानंतर खरंच बऱ्याच देशांची कर्जं कमी झाली. साध्या मंडळीतले लोक होते ते, अर्थतज्ज्ञ नव्हते.

मृगजळ

सगळं खरं पण पैशाचं कोणी बोलत नाहीये. ज्या संस्था हे काम करायच्या त्या परदेशी निधीवर चालायच्या. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा, २०१० मध्ये कडक झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने आणखी, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नाही, खातं दिल्लीच्या एकाच स्टेट बँक शाखेत, एका संस्थेने दुसरीला निधी द्यायला बंदी. ज्यांची नोंदणी जाते त्यांचे दवाखाने आणि वसतिगृहंही अडचणीत येतात. मग विश्वस्त म्हणतात, धोरणाबिरणावर बोलू नका, वसतिगृहातल्या मुलांचं बघा. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मुलांची जेवणाची सोय ज्याच्या सहीवर आहे त्याच्या जागी बसून बघा.

नगरी_बाणा

म्हणून तर हे काम वर्गणीवर व्हायला पाहिजे. मंडळीच्या दशमांशातून (सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात त्यातून) थोडं बाजूला ठेवा. निवेदन द्यायला, माहिती गोळा करायला कितीसा पैसा लागतो. आपल्या पैशाने बोललं की गप्प बसवणारा कोणी नसतो.

उगाच_एक

थोडं विषयांतर. एकत्र येण्यावरून आठवलं, सीएनआय आपल्या नागपुरातच स्थापन झालं, २९ नोव्हेंबर १९७०, सहा चर्चेस एकत्र आली. सातवं मेथडिस्ट येणार येणार म्हणून सगळं ठरलेलं आणि ऐन वेळी ते मागे फिरले, पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाने नाही म्हणावं तसं. आमचे आजोबा मेथडिस्ट, आजी सीएनआयमध्ये गेलेल्या घरातली, जेवताना अजून वाद व्हायचा 😀

शब्दवेल्हाळ

हाहा. पण त्यातून एक चांगली गोष्ट दिसते. ते चर्च एकात विलीन झालं नाही तरी एनसीसीआयमध्ये दोघंही आहेत. एक होणं वेगळं आणि एकत्र काम करणं वेगळं. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जागतिक परिषद झाली त्यात हाच विचार मांडला होता, की श्रद्धेतला खोल फरक जिथे वेगळं वागायला भाग पाडतो तेवढं सोडून बाकी सगळं चर्चेसनी एकत्र करायला हवं. आपण नेमकं उलट करतो, सगळं वेगळं करतो आणि संकट आलं की एकत्र.

भीमथडी

मी बौद्ध आहे, धागा पहिल्यापासून वाचतोय, आता बोलतो. १९५० च्या आदेशाबद्दल निळी_शाई यांनी लिहिलंय ते आम्हाला चांगलं माहीत आहे. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं. त्याच वर्षी बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि आमची माणसं बाहेर पडली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या पण केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडलं. ३४ वर्षं. त्यामुळे धर्मावरून जात ठरवणं चूक आहे हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

पण दोन प्रश्न स्पष्ट विचारतो. एक, महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के, केंद्रात १५. त्यात नवीन लोक येणार आणि टक्का तेवढाच राहणार, तर आमच्या पोरांच्या वाट्याचं काय? हे विचारलं की लगेच आम्हाला संकुचित ठरवू नका. दोन, तुमच्या चर्चमध्ये जात संपली का? तमिळनाडूत दफनभूमीत भिंत घातलेली आहे हे आम्हीही वाचतो. सरकारला न्याय मागण्याआधी ती भिंत पाडायला कोणाची परवानगी लागते?

निळी_शाई

भीमथडी, या धाग्यावर मला हाच आवाज हवा होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही संपली. कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं त्यात चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यांनीच मान्य केलंय, आणि ते पाप आहे असंही म्हटलंय. कागदावर आलं, प्रत्येक धर्मग्रामात (एका फादरांच्या हाताखालच्या मंडळीत) उतरलं नाही. माझ्या आईच्या माहेरी अजूनही सोयरीक जमवताना दोन्ही घरं पिढीजात ख्रिस्ती असली तरी 'आधीचे कोण' हे विचारतातच. बिशप, फादर, पाळक यांच्यात दलित किती आणि सभासदांत किती, हा हिशोब प्रत्येक चर्चने जाहीर करावा असं माझं म्हणणं आहे. तो केल्याशिवाय आपण मंत्रालयात गेलो तर पहिला प्रश्न हाच येईल आणि यायलाच पाहिजे.

पहिल्याबद्दल, तुमची भीती रास्त आहे. संयुक्त मागणीतच लिहिलेलं असायला हवं की आत्ताच्या लोकांचा वाटा कमी करून आम्हाला नको. लोकसंख्या वाढली तर टक्का वाढवण्याचा प्रश्न सरकारपुढे दोघांनी मिळून मांडायचा. दर १० ऑगस्टला चर्चेस काळा दिवस पाळतात, डिसेंबर २०१३ ला दिल्लीत मोर्चा निघाला त्यात आर्चबिशपांसकट लोकांना पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून ताब्यात घेतलं. त्याच मागणीसाठी बौद्ध आणि मातंग संघटनांच्या दारात जाऊन आधी बसायला हवं होतं, ते फार कमी झालंय.

भीमथडी

वाटा कमी न करता, हे लेखी असेल तर मी सही करीन. आमच्यातले सगळे करणार नाहीत, ते तुम्हाला येऊन समजवावं लागेल.

कोवळं_ऊन

मला एक कळत नाही. माझ्या गावात ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीचा दाखला मिळतो, मग काय अडचण आहे?

वकीलकाका

कोवळं_ऊन, मिळतो, पण दोन फरक आहेत. राखीव मतदारसंघ नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा लागू होत नाही. मारणारा जात बघून मारतो, त्याला बाप्तिस्म्याचा दाखला दाखवायला कोणी थांबत नाही. गुन्हा नोंदवताना मात्र आरोपीचा वकील तोच दाखला पुढे करतो.

आता मूळ प्रश्नाकडे, काय करायचं. सूसाई नावाचे मद्रासचे चांभार होते. रस्त्यावर बसणाऱ्या चांभारांना सरकार टपऱ्या देत होतं, त्यांना मिळाली नाही कारण ते ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. तो निकाल नीट वाचा. न्यायालयाने असं म्हटलं नाही की ख्रिस्ती झाल्यावर जात जाते. म्हटलं ते इतकंच की धर्मांतरानंतरही जातीचे चटके तितकेच तीव्र राहतात याचा पुरेसा, अभ्यासपूर्ण पुरावा आमच्यापुढे नाही. त्यानंतर रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तो तिसरा परिच्छेद काढा असं सुचवलं, त्यातही एका सदस्याची भिन्न टिपणी होती, आणि सरकारने ते स्वीकारलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळत आली. त्यांना नेमका हाच प्रश्न दिला होता, की धर्म बदलल्यावर रूढी, परंपरा, सामाजिक भेदभाव यात काय फरक पडतो.

म्हणजे १९८५ पासून आपल्याकडे पुरावा मागितला जातोय आणि आपण मोर्चे काढतोय. मोर्चे काढाच. पण गावोगाव चर्च आहे, प्रत्येक मंडळीचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे, दफनभूमीचं रजिस्टर आहे, शाळा आहेत. एवढी यंत्रणा दुसऱ्या कोणाकडे नाही. सगळ्या चर्चेसनी एकच प्रश्नावली ठरवून घरोघर माहिती घेतली तर तिला कोर्टात आणि आयोगापुढे वजन येईल. एका चर्चने केली तर म्हणतील, यांच्या सोयीची आहे.

देवदार

हे मला पटतं. माहिती गोळा करायला पाळकाने पक्षात जायची गरज नाही. फक्त एक अट, रजिस्टर बाहेर देऊ नये, नावं गुप्त राहिली पाहिजेत. धर्मांतराच्या कायद्यांच्या काळात ती यादी भलत्याच्या हातात गेली तर लोकांना त्रास होईल.

वकीलकाका

बरोबर मुद्दा. नावं नकोत, घराला क्रमांक द्यायचा. ज्याला शपथपत्र द्यायचंय त्याने स्वतःहून, वकिलासमोर. बाकी आकडे एकत्रित.

जिजी

प्रश्नावलीत बायकांसाठी वेगळे प्रश्न ठेवा आणि विचारायला बाईच पाठवा. पाणी भरताना, विहिरीवर, बचत गटात, अंगणवाडीत काय होतं ते पुरुषाला विचारून कळायचं नाही. आणि चर्चमधल्या वागणुकीचेही प्रश्न हवेत, भीमथडी म्हणाले ते. वेदीजवळ कोण बसतं, कोणाच्या घरी पाळक जेवतात.

मृगजळ

छापण्याचा आणि फिरण्याचा खर्च? संस्थेच्या खात्यातून करू नका एवढंच सांगते.

नगरी_बाणा

आमच्या मंडळीच्या दशमांशातून काही तरी मिळवतो, पंचकमिटीत रविवारी विषय काढतो. शेजारच्या धर्मग्रामाच्या फादरांशीही बोलतो. नाव त्यांचंच वर लिहू या, आमची हरकत नाही 🙂

निळी_शाई

मग मसुदा मी सुरू करते. वकीलकाका, कायद्याच्या बाजूचे प्रश्न तुम्ही द्या. जिजी, बायकांचा भाग तुम्ही. भीमथडी, वाटा कमी होणार नाही हे वाक्य तुमच्याच शब्दांत लिहून पाठवा, ते पहिल्या पानावर घालते. आणि बौद्ध वस्तीतली काही घरंही त्याच प्रश्नावलीत घेता येतील का ते सांगा, तुलना दाखवायला लागेल.

भीमथडी

घेता येतील. आधी आमच्या विहाराच्या समितीशी बोलतो. प्रश्नावली मराठीत सोपी ठेवा, सरकारी भाषेत नको, आमच्या आज्यांना वाचून दाखवायची आहे.